विडी कामगारांची घरे आणि एका उमेदवाराचा हिशेब

नोव्हेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक झाली. आपले देऊळगाव राजा हे सिंदखेड राजा मतदारसंघात मोडते, आणि त्या पंधरवड्यात भोंगे लावलेल्या किती रिक्षा आपल्या गल्ल्यांतून फिरल्या हे आपणां सर्वांस आठवत असेलच. सर्व भोंग्यांत 'महागाई' हा शब्द होता. त्यावरचे उपाय मात्र बहुतेक एकाच जातीचे होते. ऑगस्ट २०२४ पासून 'लाडकी बहीण' योजनेचे दरमहा १,५०० रुपये बायकांच्या खात्यावर जमा होऊ लागले होते. सत्तेतील महायुतीने ते २,१०० करू म्हटले, विरोधातील महाविकास आघाडीने ३,००० देऊ म्हटले. आमच्या गल्लीतील बायकांनी दोन्ही आकडे नीट ऐकून घेतले. पैसा कोणाला नको असतो? तथापि राज्यशास्त्र शिकणाऱ्या मुलीला एक प्रश्न पडतोच. भाडे, तेल, गॅस, औषधे यांचे भाव आहेत तसेच ठेवून त्यावर हातात थोडी रोख रक्कम द्यायची, ही एक भूमिका झाली. ज्या खर्चाने संसार बुडतो तो खर्चच मुळात कमी करावयाचा, ही दुसरी. दुसरी भूमिका घेऊन निवडणूक लढविणारे उमेदवार आपल्या राज्यात कोण, आणि त्यांचे पुढे काय होते, हे शोधता शोधता मी सोलापूरला पोहोचले. म्हणजे वाचनातून पोहोचले. प्रत्यक्ष सोलापूर मी अद्याप पाहिलेले नाही.

त्या निवडणुकीत 'सोलापूर शहर मध्य' मतदारसंघात मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे उमेदवार होते नरसय्या आडम. सोलापुरात त्यांना 'आडम मास्तर' म्हणतात. १९७८, १९९५ आणि २००४ असे तीन वेळा ते विधानसभेवर निवडून गेले होते. २०२४ साली ते हरले. हरलेल्या उमेदवारावर लेख कशाला, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे की, यांची घराविषयीची भूमिका जाहीरनाम्याच्या कागदावर राहिलेली नाही. सोलापूर शहराबाहेर अक्कलकोट रस्त्यावर कुंभारी गावाच्या शिवारात तिच्यातून दहा हजार घरांची एक वसाहत उभी राहिली, तिचे हस्तांतरण २००६ साली झाले. त्याच परिसरात तीस हजार घरांची दुसरी योजना हाती घेण्यात आली, आणि तीतील पहिली पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी कामगारांना मिळाली. एवढी घरे ज्या विचारातून उभी राहिली, तो विचार बरोबर की चूक हे आपल्याला निदान तपासून तरी पाहता येते.

'डावा' हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा किंवा पदवीसारखा वापरला जातो. वर्गात सांगितल्याप्रमाणे त्याचा उगम फ्रेंच राज्यक्रांतीच्या वेळच्या सभागृहात, अध्यक्षांच्या डाव्या हाताला बसणाऱ्यांत आहे. या लेखापुरता त्याचा अर्थ एवढाच घेऊ : घर, धान्य, पाणी, औषध या वस्तू बाजारातील इतर मालासारख्या नाहीत, त्यांची जबाबदारी समाजाने म्हणजे सरकारने उचलली पाहिजे, असे मानणारा.

आता सोलापूर. १८७७ साली सुरू झालेल्या 'जुन्या गिरणी'पासून या गावाची ओळख कापडगिरण्यांची. तेलंगणाकडून आलेल्या पद्मशाली विणकरांची मोठी वस्ती तेथे आहे, आणि घरात तेलुगू व बाहेर मराठी अशी दोन्ही भाषांत वावरणारी हजारो कुटुंबे आहेत. आडम हेही अशाच घरातले. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. पुरुष यंत्रमागावर गेले, चादरी आणि टॉवेल विणू लागले. बायका विड्या वळत होत्याच, त्या आणखी वळू लागल्या. यंत्रमागाचे काम मंदी-तेजीवर चालते. त्यामुळे कित्येक घरांत चूल पेटती ठेवणारी कमाई बाईच्या सुपातली असते.

सुपातली असे मी मुद्दाम म्हटले. विडीचे काम ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. कारखान्यातून बाई तेंदूची पाने, तंबाखू आणि दोरा घेऊन येते. पाने भिजवून, पत्र्याच्या साच्यावर कापून, मांडीवरच्या सुपात ती विड्या वळते, आणि वळलेल्या विड्यांची कट्टे बांधून पुन्हा कारखान्यात नेऊन देते. मजुरी हजार विड्यांमागे. पाने खराब निघाली, विड्या नापसंत ठरल्या, तर नुकसान तिचे. तेंदूची पाने पुष्कळशी आपल्याच विदर्भाच्या जंगलांतून येतात, हे आपल्या भूगोलाच्या पुस्तकात आहे. त्यांचे पुढे काय होते ते पुस्तकात नाही.

यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या बाईचे घर हाच तिचा कारखाना आहे. मालकाला शेड बांधावी लागत नाही, दिव्याचे बिल भरावे लागत नाही. पावसाळ्यात पाने वाळू नयेत आणि सडूही नयेत एवढी जागा, बसायला उजेड, भिजवायला पाणी हे सगळे बाई स्वतःच्या भाड्याच्या खोलीत पुरविते. म्हणजे खोलीचे भाडे हा तिच्या संसाराचा खर्च आहे तसाच तो विडीच्या उत्पादनाचाही खर्च आहे, आणि तो मालकाच्या वहीत कोठेच लिहिलेला नाही. घर हा कामगार संघटनेचा विषय कसा होऊ शकतो, हे मला प्रथम समजत नव्हते. संघटनेने पगार मागावा, बोनस मागावा. घर मागणे म्हणजे जरा जास्तच, असे वाटे. विडी कामगारांचे काम समजून घेतल्यावर ते कोडे सुटले.

एक काल्पनिक हिशेब मांडून पाहू. समजा एका कुटुंबाच्या कमाईचे शंभर भाग केले. त्यांतील पंचवीस भाग खोलीभाड्याला जातात, पन्नास भाग किराणा, धान्य आणि इंधनाला, दहा भाग दवाखान्याला, उरलेले पंधरा शाळा, कपडे, सणवार आणि जुने कर्ज यांना. आता संघटनेने लढून मजुरी दहा भागांनी वाढविली. चार-सहा महिन्यांत ही बातमी घरमालकालाही कळते. तो म्हणतो, आता तुम्हाला परवडते, पाच वाढवा. किराणा दुकानदार तेलाच्या भावाकडे बोट दाखवितो. पोराची फी वाढते. वर्षाअखेरीस वाढ गेली कोठे ते कळत नाही. ज्या भांड्याला तळाशी भोक आहे त्यात वरून कितीही पाणी ओतले तरी ते तेवढ्यापुरतेच भरते, आणि कामगारांच्या बाबतीत भाडे हे त्यांतले सर्वांत मोठे भोक आहे. मजुरी, भाडे आणि भाव ही तीन वेगळी भाषणे नाहीत, तो एकच हिशेब आहे, असे या भूमिकेचे म्हणणे मला कळले ते असे.

(आमचा दादा वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे. चौघांत मिळून एक खोली. त्याला हा हिशेब वाचून दाखविला तेव्हा तो म्हणाला, "पंचवीस भाग कमी धरलेस.")

आता ही मागणी प्रत्यक्षात कशी आणली ते पाहण्यासारखे आहे, कारण 'आम्ही सर्वांना घरे देऊ' असे तर सगळेच म्हणतात. १९६६ सालच्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार मानले. हा कायदा नसता तर ती 'घरबसल्या चार पैसे मिळविणारी गृहिणी' एवढीच राहिली असती. १९७६ साली विडी कामगार कल्याण निधीचा कायदा झाला. विडीच्या उत्पादनावर उपकर बसवावयाचा आणि त्या पैशांतून कामगारांचे दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या व घरे यांना मदत करावयाची, अशी त्याची रचना. म्हणजे कायदा होता, निधी होता, घरासाठी अनुदानाची तरतूदही होती. परंतु एकेकट्या बाईला त्या अनुदानात घर बांधणे शक्य नव्हते. जमीन कोठून आणावयाची? येथे संघटनेने सहकाराचा मार्ग घेतला. कामगार बायकांची गृहनिर्माण संस्था स्थापन केली आणि तिला गोदूताई परुळेकर यांचे नाव दिले. गोदावरी परुळेकर म्हणजे १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील वारल्यांच्या लढ्याचे नेतृत्व करणाऱ्या. सोलापूरच्या विणकर वस्तीतील बायकांनी आपल्या वसाहतीला त्यांचे नाव द्यावे हे मला फार आवडले.

घराची किंमत सुमारे साठ हजार रुपये धरली. तिचे तीन वाटे केले : वीस हजार केंद्र सरकारचे, वीस हजार राज्य सरकारचे, वीस हजार कामगार बाईचे स्वतःचे. तीन वाट्यांची ही मांडणी मला फार महत्त्वाची वाटते. तीत बाई याचक राहत नाही, भागीदार होते. त्याचबरोबर सरकारलाही हात झटकता येत नाहीत, कारण मागणी नव्या दानाची नसून कायद्यात अगोदरच लिहिलेल्या पैशाची असते. अशा हिशेबाने उभ्या राहिलेल्या दहा हजार घरांचे हस्तांतरण १ सप्टेंबर २००६ रोजी तेव्हाचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते झाले.

असा प्रयत्न महाराष्ट्रात पहिलाच होता असे मात्र नाही. येथे मृणाल गोरे यांची आठवण करणे भाग आहे. त्या समाजवादी पक्षाच्या. १९६१ साली मुंबई महापालिकेत निवडून आल्या, गोरेगावच्या वस्त्यांना पाणी मिळावे म्हणून इतके मोर्चे काढले की 'पाणीवाली बाई' हेच त्यांचे नाव झाले. १९७२ साली त्या आमदार झाल्या. त्याच वर्षी मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. त्यात मृणालताई होत्या, मार्क्सवादी पक्षाच्या अहिल्या रांगणेकर होत्या, कम्युनिस्ट पक्षाच्या तारा रेड्डी होत्या. हातात लाटणे घेऊन, थाळ्या वाजवीत बायका रस्त्यावर आल्या. १९७२ म्हणजे आपल्याकडे दुष्काळाचे वर्ष. आमची आजी त्या वर्षाविषयी बोलते ते खडी फोडण्याच्या कामाविषयी आणि रेशनवरच्या लाल मिलोविषयी. मुंबईतल्या लाटण्यांचा आवाज तिच्यापर्यंत आला नव्हता. परंतु दोन्हीकडची भाकरी एकाच दुष्काळाने महाग केली होती.

१९७७ साली मृणालताई उत्तर मुंबईतून लोकसभेवर गेल्या, आणि 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात' ही घोषणा महाराष्ट्रभर झाली. पुढे त्यांनी व प. बा. सामंत यांनी नागरी निवारा परिषदेचे काम हाती घेतले. १९७६ च्या नागरी कमाल जमीन धारणा कायद्याने मुंबईत एका मालकाला ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त मोकळी जमीन ठेवता येत नव्हती. परंतु त्याच कायद्यात सवलती देण्याची कलमेही होती, आणि जादा जमीन गरिबांकडे जाण्याऐवजी सवलतीच्या दाराने परत निसटत होती. परिषदेचे म्हणणे सरळ होते : कायद्याने जी जमीन जादा ठरते ती लहान उत्पन्नाच्या लोकांना घरांसाठी द्या. बऱ्याच वर्षांच्या झगड्यानंतर गोरेगाव-दिंडोशी येथे सहा हजारांवर घरे झाली. हा कमाल जमीन धारणा कायदा महाराष्ट्राने २००७ च्या नोव्हेंबरात रद्द केला. त्यामुळे आता दिंडोशीची वाट कोणाला चालता येणार नाही. सोलापूरची वाट वेगळी आहे, आणि तीही अरुंद झाली आहे : २०१७ साली जीएसटी आला तेव्हा विडीवरील तो उपकर संपला.

म्हणून दुसऱ्या वसाहतीसाठी, म्हणजे 'रे नगर'साठी, आडम मास्तरांना वेगळे दार ठोठवावे लागले. ते दार प्रधानमंत्री आवास योजनेचे होते. तीस हजार घरे, ८३४ इमारती, प्रत्येक इमारतीत ३६ घरे. विडी कामगारांबरोबर यंत्रमाग कामगार, कचरा वेचणाऱ्या बायका, रिक्षाचालक असे इतर असंघटित कामगारही यात आले. केंद्राचे अनुदान घरामागे दीड लाख, राज्याचे एक लाख, बाकीचा भार कामगाराचा. २००६ साली कामगाराचा वाटा एक तृतीयांश होता. येथे तो निम्म्याहून मोठा झाला आणि त्यासाठी बँकेचे कर्ज आले, म्हणजे भाड्याच्या जागी हप्ता आला. हप्ता संपतो आणि घर आपले होते, भाडे कधीच संपत नाही, हा फरक आहे. तरी ज्या महिन्यात यंत्रमाग बंद असतो त्या महिन्यात हप्ताही भाड्याइतकाच बोचत असणार.

याच योजनेत या उमेदवाराची खरी परीक्षा झाली. योजना केंद्राची, केंद्रात आणि राज्यात सरकार भारतीय जनता पक्षाचे, आणि मागणारा मार्क्सवादी. ९ जानेवारी २०१९ रोजी पायाभरणीला पंतप्रधान नरेंद्र मोदी आले. त्या कार्यक्रमात आडम यांनी त्यांची व मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांची स्तुती केली. ती त्यांच्या पक्षाला मानवली नाही, आणि पक्षाने त्यांना केंद्रीय समितीतून तीन महिन्यांसाठी निलंबित केले. आता आपण काय म्हणावे? पक्षाच्या बाजूनेही विचार केला पाहिजे. ज्या सरकारच्या धोरणांनी महागाई वाढते असे तुम्ही गावोगाव सांगता, त्याच सरकारच्या व्यासपीठावर त्याचे गोडवे गाइलेत तर ऐकणाऱ्याने कशावर विश्वास ठेवावा? परंतु माझे मत विचाराल तर मी मास्तरांच्या बाजूची आहे. तीस हजार कुटुंबे नावे नोंदवून बसली असताना कोणते सरकार सही करते आहे हे पाहून कागद पुढे करावयाचा की नाही, हा प्रश्न ज्याच्या डोक्यावर छप्पर आहे त्यालाच पडू शकतो. आभार मानताना दोन शब्द जास्त गेले असतील. घरे तर झाली.

आणि तरीही मते मिळाली नाहीत. २००९ पासून २०२४ पर्यंतच्या चारही निवडणुकांत आडम शहर मध्यमधून उभे राहिले आणि हरले. पहिल्या तीन काँग्रेसच्या प्रणिती शिंदे यांनी जिंकल्या, चौथी भाजपचे देवेंद्र कोठे यांनी. दहा हजार घरे देणारा हरतो कसा? लोक कृतघ्न असतात, असे म्हणून आमच्या चर्चेत एका मित्राने विषय संपविला. मला ते पटत नाही. एक साधी गोष्ट अशी की, कुंभारीची वसाहत दक्षिण सोलापूर तालुक्यात आहे. जी कुटुंबे शहरातील खोल्या सोडून तेथे कायमची राहावयास गेली त्यांची नावेही कालांतराने तिकडच्या मतदारयादीत जाणार. म्हणजे या उमेदवाराने आपलेच मतदार आपल्याच हाताने मतदारसंघाबाहेर नेऊन वसविले! हरण्याची इतर कारणेही असतीलच. जात, धर्म, पैसा, मोठ्या पक्षांच्या आघाड्या यांची गणिते आपल्याकडे कोणाला चुकली आहेत? परंतु ज्याला पुढची निवडणूकच दिसते असा मनुष्य मतदारसंघाबाहेर जमीन पाहावयास जाणार नाही, हेही तितकेच खरे.

शहराबाहेर जमीन स्वस्त मिळते हे या योजनेचे बळ, आणि तेच तिचे दुबळेपण. शहरात भाड्याने राहणारी बाई कारखान्यात चालत जात होती. दहा-बारा किलोमीटर दूर गेल्यावर बस लागते, पोरांच्या शाळेचा प्रश्न येतो, रात्री-अपरात्री दवाखान्याचा प्रश्न येतो. भाड्यातून वाचलेले पैसे तिकिटात गेले तर भांड्याचे भोक फक्त जागा बदलते. व्हिएन्ना शहराचे उदाहरण या ठिकाणी आठवते. पहिल्या महायुद्धानंतर तेथे समाजवादी पक्षाची महापालिका आली, १९२३ साली तिने घरांवर खास कर बसविला, मोठ्या आलिशान घरांवर जास्त आणि कामगारांच्या खोल्यांवर अगदी थोडा, आणि १९३४ पर्यंत साठ हजारांवर घरे बांधली. १९३० साली पुरे झालेले 'कार्ल मार्क्स होफ' हे तर एकाच संकुलात १,३८२ घरांचे. ती घरे शहरात, ट्रामच्या रस्त्याला लागून बांधली, आणि विकली नाहीत, महापालिकेने भाड्याने दिली. म्हणून शंभर वर्षे होत आली तरी ती सामान्यांच्या हाती राहिली आहेत. आपल्या महापालिका व नगरपालिका असा कर बसवू शकतील काय? श्रीमंतांच्या घरपट्टीत चार पैसे वाढवू म्हटले तरी सभागृहात काय होईल ते सांगावयास नको.

आता एक आक्षेप, जो सोलापूरच्या किंवा मुंबईच्या लेखकाला सुचणार नाही, पण देऊळगाव राजाच्या मुलीला सुचल्यावाचून राहत नाही. डाव्या उमेदवारांची महागाईवरची मागणी ठरलेली असते : रेशनवर धान्याबरोबर डाळ, तेल, साखर स्वस्त द्या. उत्तम. परंतु तेल ज्याचे निघते तो सोयाबीन आमच्या शेतात पिकतो. २०२४-२५ च्या हंगामात त्याचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, आणि बाजारात कित्येक आठवडे त्याहून पुष्कळ कमी भावाने माल गेला. आमची दोन एकर. तेल स्वस्त झाल्याचा आनंद स्वयंपाकघरात आणि सोयाबीन स्वस्त झाल्याचे दुःख ओसरीवर, अशी एकाच घराची फाळणी होते. १९८० साली चाकणच्या कांद्याच्या आंदोलनातून पुढे आलेल्या शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने हाच मुद्दा मांडला होता, की शहराची स्वस्ताई शेतकऱ्याच्या खिशातून काढली जाते.

यावर डाव्यांचे उत्तर असे आहे की, सरकारने शेतकऱ्याकडून पुऱ्या भावाने घ्यावे, गरिबाला स्वस्तात द्यावे, आणि मधला फरक तिजोरीतून भरावा. तत्त्व म्हणून ते निर्दोष आहे. प्रत्यक्षात खरेदी केंद्र उशिरा उघडते, ओलावा जास्त म्हणून माल परत येतो, बारदाना संपतो, आणि तोवर शेतकऱ्याने उधारी फेडण्यासाठी व्यापाऱ्याकडे माल घातलेला असतो. रेशनचीही गोष्ट पाहा. विदर्भ-मराठवाड्यातील चौदा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत, त्यात आपला बुलढाणाही आला, केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना २०१५ पासून दोन-तीन रुपये किलोने धान्य मिळत असे. २०२३ पासून धान्याऐवजी माणशी दरमहा १५० रुपये खात्यावर देण्याचे ठरले. धान्य पाच किलो ते पाच किलोच राहते. १५० रुपयांचे मात्र बाजारभाव वाढला की कमी धान्य होते. आरंभी मी ज्या दोन भूमिका सांगितल्या, रोख हातात देण्याची आणि खर्च कमी करण्याची, त्यांतील फरक एवढ्या लहान गोष्टीतही दिसतो. शेतकऱ्याला भाव आणि मजुराला स्वस्ताई ही दोन्ही एकदम कशी द्यावयाची, हे कोणत्याही उमेदवाराने, डाव्या वा उजव्या, मला पटेल असे अजून सांगितलेले नाही.

मग सोलापूरचा हिशेब आपल्याकडे लागू पडेल काय? आपल्याकडे गरिबाच्या घराची योजना म्हणजे घरकुल. ग्रामीण योजनेत केंद्राने ठरविलेले अनुदान १ लाख २० हजार रुपये, तेही एकेकट्या कुटुंबाला, हप्त्याहप्त्याने. खडकपूर्णेची रेती आपल्या उशाशी असून घरकुलवाल्याला ती मिळविताना किती फेऱ्या माराव्या लागतात हे तालुक्यात सर्वांना माहीत आहे. लाभार्थ्याला पाच ब्रासपर्यंत रेती मोफत देण्याचे शासनाचे धोरण आहे ते त्यामुळेच. पाचशे घरकुलवाल्यांची एक सहकारी संस्था झाली, सिमेंट, लोखंड, रेती एकत्र घेतली, तर प्रत्येकाचे किती वाचेल याचा हिशेब वाणिज्य शाखेच्या मित्रांनी करून पाहावा.

परंतु सोलापूरच्या बाईकडे पहिला वाटा होता तो कायद्यामुळे आणि निधीमुळे. आपल्याकडच्या मजूर बायकांकडे तो आहे का? बांधकामावर जाणाऱ्यांसाठी १९९६ साली कायदा झाला, बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर आहे, नव्वद दिवस काम केल्याचा दाखला दिला की नोंदणी होते. आपल्या भागातून बांधकामावर जाणाऱ्या किती जणांनी ती केली आहे, हे राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात घरोघर विचारता येईल. शेडनेटमध्ये काम करणाऱ्या बायकांसाठी मात्र असे काहीच नाही. आपल्या परिसरात भाजीपाल्याच्या बीजोत्पादनाची शेडनेट ठिकठिकाणी दिसतात, आणि त्यांत क्रॉसिंगचे, म्हणजे नर फुलातील पराग हाताने एकेका मादी फुलाला लावण्याचे काम बायकाच करतात. विडीइतकेच बारीक, विडीइतकेच मान मोडणारे. विडीच्या हजारी कट्ट्यावर उपकर बसला होता तसा बियाण्याच्या पिशवीवर बसविता येईल. प्रश्न एवढाच की तो भरणार कोण? कंपनी तो किमतीत मिळवून पुढे ढकलील. आमची आई मिरचीच्या क्रॉसिंगला जाते, आणि वडील जूनमध्ये मिरचीच्या बियाण्याची पिशवी विकत आणतात.